राजा रुक्मधन्व्याची सहा अंगुळे

कृतयुगाचा सूर्य कलून त्रेतायुगाची पहिली सावली पृथ्वीवर पडू लागली होती, देव अजून अधूनमधून मर्त्यलोकी उतरून माणसांशी दोन शब्द बोलत होते आणि क्षत्रियाचा शब्द अग्नीच्या साक्षीइतका पक्का मानला जात होता, त्या काळची ही कथा. क्षीरवाहा नावाच्या नदीच्या तीरी, अंशुमती नगरीत, रुक्मधन्वा नावाचा राजा राज्य करीत होता. राजा शूर होता, प्रजेवर माया करणारा होता, अतिथीला विन्मुख न पाठवणारा होता. एवढे सगळे चांगले असताना त्याचे घोडे अडले ते एका भलत्याच ठिकाणी.

त्याचा पिता पृथुबाहू खराखुरा आजानुबाहू होता. ताठ उभा राहिला की त्याच्या हातांची बोटे गुडघ्यांना टेकत. भाटांनी आयुष्यभर त्याला त्याच बिरुदाने आळवले. पुढे पुत्राच्या राज्याभिषेकाच्या दिवशी, सवयीने म्हणा की पाठ झालेली बिरुदावली बदलण्याच्या आळसाने म्हणा, त्यांनी रुक्मधन्व्यालाही 'आजानुबाहू' म्हणून ललकारले. त्या क्षणी 'अहो, हे माझे नव्हे' एवढे चार शब्द राजाने उच्चारायला हवे होते. नाही उच्चारले. सगळी सभा जयजयकार करीत असताना कोण उच्चारणार म्हणा! पण श्रोतेहो, न बोललेले चार शब्द कधीकधी बोललेल्या चारशे शब्दांपेक्षा महाग पडतात, आणि रुक्मधन्व्याला ते तसेच पडले.

कारण त्याचे हात तुमच्याआमच्यासारखेच होते. धड मांडीच्या मध्यापर्यंत पोहोचणारे, चांगले भरदार, कामाचे हात. पण त्या दिवसापासून राजा गुडघ्यापर्यंत लोंबणारे उत्तरीय दोन्ही बाहूंवरून पांघरू लागला, सभेत उभा राहण्याऐवजी बसून राहू लागला आणि कुणी 'आजानुबाहू' म्हटले की पायाशी बघू लागला. खरी गोष्ट नगरीत एकालाच ठाऊक होती. तो म्हणजे त्याचा वृद्ध सारथी वल्गुक. त्यानेच राजाला लहानपणी कडेवर खेळवले होते आणि त्याच्या हातात पहिले वेताचे धनुष्य दिले होते. वल्गुकाने हे कधी कुणाला सांगितले नाही, राजालाही नाही.

अशात शुष्कोदर नावाच्या दैत्याने हिमवंताच्या पायथ्याशी एका अंगठ्यावर उभे राहून घोर तप आरंभले. त्याच्या मस्तकातून निघालेल्या धुराने सप्तर्षींचे डोळे चुरचुरू लागले, तेव्हा ब्रह्मदेवाला हंसावर बसून यावेच लागले.

"वत्सा, अमरत्व सोडून काहीही माग," ब्रह्मदेव म्हणाले.

"पितामह, मग मरणच मागतो," दैत्य हात जोडून म्हणाला. "जो बाण सोडणाऱ्याच्या स्वतःच्या बाहूंशी तंतोतंत जुळतो, जो एक यवभर लांब नाही आणि एक यवभर आखूड नाही, त्या बाणानेच मला मृत्यू यावा. दुसऱ्या कशानेही नाही."

ब्रह्मदेव चकित झाले. "इतके सोपे मरण का मागतोस?"

"सोपे?" शुष्कोदर गडगडाट करून हसला. "मी पुष्कळ धनुर्धर पाहिले आहेत, पितामह. स्वतःचे माप खरे सांगणारा अजून पाहायचा आहे!"

'तथास्तु' म्हणून ब्रह्मदेव गेले आणि दैत्य थेट क्षीरवाहेच्या पात्रात येऊन आडवा झाला. त्याने नदीला तोंड लावले ते तिसऱ्या दिवशी उचलले. मासे तडफडून मेले, कमळांचे देठ चिखलात मोडून पडले, गाईंच्या कासा आटल्या, आणि आयाबाया झऱ्याशी वाटी घेऊन थेंबाथेंबाची वाट पाहू लागल्या. पोटात नदी घेऊन दैत्य त्याच कोरड्या पात्रात घोरत पडला. प्रजा राजाच्या दारी आली आणि म्हणाली, "आजानुबाहो, आता तूच!"

त्या हाकेसरशी राजाने उत्तरीय आणखी खाली ओढून घेतले. दैत्याच्या वराची वार्ता नगरीत सर्वांना ठाऊक झाली होती. आता मापाचा बाण घ्यायचा म्हणजे वेणुगर्भ ऋषींच्या आश्रमात जायचे, आणि तिथली रीत तर साऱ्या आर्यावर्ताला ठाऊक!

ती रीत अशी. नगरीबाहेर, नदीच्या काठालगतच, जिथे हरिणे निर्भयपणे समिधांच्या भाऱ्यांवर माना टेकून झोपत आणि होमाचा सुगंध वेलींच्या मोहरात मिसळून जाई, तिथे वेणुगर्भ ऋषींचे शरवन होते. इंद्राने दिलेल्या त्या वेतांच्या बेटात बारा वर्षांतून एकच वेत पक्व होई आणि त्याचा एकच बाण होई. बाण मागणाऱ्याने मुकुट, कवच, उत्तरीय, अलंकार सगळे उतरवायचे. मग आश्रमाच्या अंगणात, जमलेल्या सर्वांसमक्ष, दोन्ही हात छातीसमोर ताठ पसरून तळवे जुळवायचे. ऋषिपत्नी सुव्रता दर्भाच्या दोरीचे एक टोक छातीच्या खळग्यावर धरी, दुसरे बोटांच्या टोकापर्यंत नेई आणि ते माप चार अंगुळांच्या मुठींनी मोजून खणखणीत आवाजात पुकारी. इथे कुजबुज चालत नसे.

राजा आश्रमात आला तेव्हा अर्धी नगरी त्याच्या मागे होती. सुव्रता दोरी घेऊन पुढे झाली. "राजन्, उत्तरीय उतरव," ती म्हणाली.

रुक्मधन्व्याने उत्तरीय उतरवले नाही. त्याने वल्गुकाच्या हातून एक जुना सुवर्णमंडित बाण घेतला आणि तो दोन्ही हातांवर आडवा धरून गंभीर स्वरात म्हणाला, "माते, भगवन्, हा माझ्या स्वर्गस्थ पित्याचा बाण. दहा मुठींचा. आमच्या कुळात बाहूंचे माप एकच आहे. याबरहुकूम वेत कापावा."

सुव्रतेने नवऱ्याकडे पाहिले, मग राजाच्या लोंबत्या उत्तरीयाकडे पाहिले. "बाबा रे," ती हळूच म्हणाली, "अंगावरचे वस्त्र ढगळ असले तरी चालते. बाणाला नाही चालत."

वेणुगर्भांनी तिला हाताने थांबवले. त्यांनी अग्नीत तुपाची धार सोडली आणि विचारले, "राजन्, हे माप तुझे आहे?"

"माझे आहे."

"हे माप तुझे आहे?"

"आहे, भगवन्."

"अग्नीच्या साक्षीने तिसऱ्यांदा विचारतो. हे माप तुझेच आहे?"

राजाने मागे पाहिले. सगळी प्रजा माना उंचावून बघत होती. तहानेने ओठ फुटलेली, पण डोळे कौतुकाने भरलेली. 'सहा अंगुळांचा तर फरक,' तो मनाशी म्हणाला. होय श्रोतेहो, त्याने एकांतात कधीच मोजून पाहिले होते! 'सहा अंगुळांनी काय आकाश कोसळणार आहे? खांदा थोडा मागे, छाती थोडी पुढे. ओढीन की मी!' आणि तो मोठ्याने म्हणाला, "माझेच आहे."

ऋषींनी यंदा पक्व झालेला तो एकमेव वेत कापला, सरळ केला, गिधाडाची पिसे बांधली, मंत्रपूत पाते बसवले. वल्गुक खाली मान घालून रथाशी घोड्यांचे ओठ चोळत उभा होता.

दुसऱ्या दिवशी सूर्य हातभर वर येताच शंख वाजले. कोरड्या पात्राच्या दोन्ही काठांवर प्रजा दाटली. चार शुभ्र घोड्यांचा तो रथ तापल्या वाळूत धुळीचे लोट उडवीत दैत्यासमोर येऊन ठाकला. विंध्याचा एखादा सुळका अंग झटकून उठावा तसा शुष्कोदर उठला. त्याच्या पोटात नदी डुचमळल्याचा आवाज काठापर्यंत ऐकू आला आणि तो ऐकून तान्ही मुलेसुद्धा रडायची थांबली.

"दुष्टा, माझ्या प्रजेचे जीवन गिळून तू इथे लोळतोस!" रुक्मधन्वा गरजला. "आज या पृथुबाहूच्या पुत्राचा बाण तुझे उदर विदीर्ण करील!"

"ये, बाळा," दैत्य जांभई देत म्हणाला. "ओढ बघू."

राजाने बाण लावला आणि प्रत्यंचा कानापर्यंत ओढली. त्याच्या बाहूंनी त्यांच्या परीने काही कमी केले नाही. पण बाणाचे पाते धनुष्याच्या मध्याशी यायला हवे होते, ते सहा अंगुळे पुढेच राहिले. बाण नुसता पुढे लोंबत होता आणि त्याचे टोक लकलक हलत होते. काठावर कुणीतरी म्हणाले, "अजून ओढतोय महाराज, बघा बघा!" ते राजाच्या कानी पडले आणि त्याचा घात झाला. त्याने खांदा मागे नेला, छाती पुढे काढली, मान वाकडी केली. प्रत्यंचा कानामागे गेली, कोपर सुटला, मूठ फिरली, आणि बाण सुटला तो दैत्याकडे नव्हेच. पुढे लगाम धरून बसलेल्या वल्गुकाच्या पाठीत, उजव्या खांद्याखाली, तो घुसला.

म्हातारा लगामावर ओणवा झाला. मग शुष्कोदर असा हसला की काठावरचे वृक्ष हलले. "बापाचे हात घेऊन आलास होय रे?" तो राजाला ऐकू जाईल इतक्याच आवाजात म्हणाला. "जा. तुझे घेऊन ये." आणि पाठ फिरवून तो पुन्हा आडवा झाला. ज्याच्यापासून भय नाही त्याला मारायचे तरी कशाला!

लोक धावत रथाशी आले. "काय झाले? महाराजांचा नेम कसा चुकला?" एकच गलका उठला. रुक्मधन्व्याने तोंड उघडले. पण त्याच्या आधी वल्गुक बोलला. रथाच्या कठड्याला धरून, दातओठ खात, तो म्हणाला, "घोडे बुजले हो. माझ्या हातून लगाम सुटला. माझीच चूक."

आणि राजा गप्प राहिला.

अरेरे! राज्याभिषेकाच्या दिवशी न उच्चारलेले चार शब्द एक वेळ क्षम्य होते. हे मौन क्षम्य नव्हते. ज्याने आपल्याला कडेवर घेतले त्याच्या पाठीत बाण, आणि वर त्याच्याच माथी चूक! लोक म्हाताऱ्याला 'आता हात थरथरतात याचे, घरी बसवायला हवे होते' म्हणून नावे ठेवू लागले आणि राजा ऐकत उभा राहिला. लाजेने त्याला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरे असे वाटले. पण जमीन अशा वेळी कधी दुभंगत नाही.

वल्गुकाला आश्रमात आणले. ऋषींनी बाण काढला, जखमेवर पाला बांधला, पण म्हाताऱ्याला ज्वर चढला होता आणि तो एकसारखा पाणी मागत होता. आश्रमाच्या कुंडात चिखल उरला होता. सुव्रतेने ओला पंचा पिळून दोन थेंब त्याच्या ओठांवर सोडले. "पाणी मिळाले नाही तर संध्याकाळ पाहणार नाही हा," ती म्हणाली.

वेणुगर्भ रक्ताळलेला बाण हातात घेऊन राजाजवळ आले. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, आणि तेच राजाला सोसवेना.

"राजन्, एक गोष्ट बरी झाली. बाण आखूड असता तर तो वाढवता आला नसता. लांब आहे, पुढून कापता येतो. पाते काढू, वेत कापू, पाते पुन्हा बसवू. मात्र माप हवे." मग ते आवाज उतरवून म्हणाले, "पर्णकुटीत चल. मी एकटाच मोजतो. रीत मोडल्याचे पाप माझ्या माथी. बाहेर कुणाला कळणार नाही आणि बाण तेवढाच अचूक होईल."

काय सांगू श्रोतेहो, राजाचे पाऊल उचलले गेले होते! पर्णकुटीचे दार पाच पावलांवर होते. आत सावली होती, बाहेर प्रजा होती. एक पाऊल, दोन पावले. तेवढ्यात मागून वल्गुकाचा आवाज आला. ज्वरातही तो जमलेल्या लोकांना समजावीत होता, "महाराजांना बोल लावू नका रे. घोडे बुजले. माझीच चूक, माझीच."

रुक्मधन्वा दारातून मागे वळला.

तो अंगणाच्या मध्यभागी गेला. त्याने मुकुट काढून जमिनीवर ठेवला, कवच सोडले, रुंद बाजूबंद उतरवले आणि शेवटी ते गुडघ्यापर्यंतचे उत्तरीय खांद्यांवरून ओढून टाकले. उन्हात त्याचे दोन्ही बाहू उघडे पडले. वीस वर्षांत त्यांना लोकांनी पाहिले नव्हते.

"घोडे बुजले नव्हते," तो म्हणाला. मागच्यांना ऐकू गेले नाही, म्हणून पुन्हा म्हणाला. "घोडे बुजले नव्हते! लगाम सुटला नव्हता. माझा बाण माझ्या मापाचा नव्हता. मी अग्नीसमोर तीनदा खोटे बोललो, आणि वल्गुकाने चूक अंगावर घेतली तेव्हा मी गप्प राहिलो. माते, दोरी आण."

त्याने हात ताठ पसरून तळवे जुळवले. सुव्रता आली. तिने दोरीचे टोक त्याच्या छातीवर धरले तेव्हा आतले काळीज चिमणीसारखे फडफडत असलेले तिच्या बोटांना कळले. पण तिने आवाज उतरवला नाही. रीत ती रीत.

"आठ मुठी!" तिने पुकारले. "आणि वर दोन अंगुळे!"

मग पाण्याची रिकामी घागर कडेवर घेतलेली एक म्हातारी पुढे वाकून, डोळे बारीक करून बघू लागली आणि भाबडेपणाने मोठ्याने म्हणाली, "अगो बाई! महाराजांचे हात तर आपल्यासारखेच आहेत की!"

कुणीतरी हसले. मग चार जण हसले. वाईट मनाने नव्हे, पण हसले, आणि ते हसू राजाच्या अंगावर कढत तेलासारखे पडले. त्याची मान खाली गेली, डोळ्यांतून पाणी आले, दोन्ही कान लालबुंद झाले. तरी त्याने जुळवलेले हात खाली घेतले नाहीत. ऋषी वेत कापून होईतो तो तसाच उभा होता.

कापलेला सहा अंगुळांचा तुकडा खाली पडला. त्यावर वल्गुकाचे रक्त वाळले होते.

यावेळी राजा रथाविना, पायीच पात्रात उतरला. शुष्कोदराने एक डोळा उघडला, हसण्यासाठी तोंड फाकवले, आणि त्याची नजर बाणावर गेली. प्रत्यंचा कानाशी आली तेव्हा पाते बरोबर धनुष्याच्या मध्याशी येऊन स्थिरावले होते. टोक तसूभरही हलत नव्हते.

दैत्य धडपडत उठला. "हे माप कुणी दिले?" तो ओरडला.

"मी दिले," रुक्मधन्वा म्हणाला. "सर्वांसमोर."

बाण सुटला. पोटाच्या मध्यभागी तो लागला मात्र, दैत्याच्या देहाला तडा गेला आणि कोंडलेली क्षीरवाहा फेसाळत, गर्जत, दोन्ही काठांना धडका देत बाहेर पडली. राजा जयजयकार ऐकायला थांबला नाही. गुडघाभर पाण्यात वाकून त्याने ओंजळ भरली आणि तो आश्रमाकडे धावत सुटला. अर्धे पाणी वाटेत सांडले. लहान हात, लहान ओंजळ. त्याला आयुष्यात पहिल्यांदा खरोखरच लांब, मोठ्या हातांची गरज वाटली.

त्याने उरलेले पाणी वल्गुकाच्या ओठांशी धरले. म्हातारा प्यायला, डोळे उघडून त्याने ते उघडे हात पाहिले आणि तो किंचित हसला.

"तुझा पहिला बाण मीच मापला होता, बाळ राजा," तो पुटपुटला. "दोन विती भरला होता. तेव्हा तू लाजला नव्हतास. मला म्हणाला होतास, माझे हात केवढे मोठे झाले बघ."

"वल्गुका, मला क्षमा कर. हे पाणी सांडले रे, थांब, मी आणखी आणतो."

"पुरे," वल्गुक म्हणाला. "एवढे पुरे आहे." आणि राजाच्या हातांवर मान टेकवून त्याने प्राण सोडला.

त्या वेळी आश्रमाच्या पायरीपर्यंत पाणी चढले आणि त्यातून शुभ्र वस्त्रे ल्यालेली, केसांत शेवाळ माळलेली क्षीरवाहा देवी प्रकट झाली. "राजा, मी मुक्त झाले. वर माग," ती म्हणाली.

"याचे प्राण दे."

"जे तुझ्या बाणाने नेले ते माझ्या पाण्याने परत येत नाही," देवी खिन्नपणे म्हणाली. "दुसरे माग. हवे तर तुझे बाहू गुडघ्यांना पोहोचतील. आजपासून भाट खोटे ठरणार नाहीत."

रुक्मधन्व्याने आपल्या हातांकडे पाहिले, त्यावर विसावलेल्या पांढऱ्या केसांकडे पाहिले.

"नको, माते. हात असेच राहू देत. हा त्यांतून शेवटचे पाणी प्यायला आहे. मला एवढेच दे, की आजची ही लाज माझ्यातून कधी जाऊ नये. ही बोथट झाली तर मी पुन्हा माप चोरीन. स्वतःला मी आता ओळखतो."

देवीने पुढे होऊन त्याच्या दोन्ही कानांना ओल्या बोटांनी स्पर्श केला. "जिथवर प्रत्यंचा येते तिथवर ही लाज येईल," ती म्हणाली. "तुझ्यापुरतीच नव्हे. जो कुणी स्वतःचे माप चोरील, त्याचे तोंड काहीही सांगो, त्याचे कान ते बोलून दाखवतील."

रुक्मधन्व्याने पुढे पुष्कळ वर्षे राज्य केले. भाटांना त्याने एकच आज्ञा दिली, की बिरुदावलीच्या आरंभी वल्गुकाचे नाव घ्यावे आणि बाहूंविषयी काही गाऊ नये. त्याच्या गळ्यात रत्नहार कुणी पाहिला नाही. दोऱ्यात ओवलेला वेताचा सहा अंगुळांचा तुकडा तेवढा असे, आणि त्याविषयी कुणी विचारले तर तो सगळी गोष्ट स्वतः सांगे. सांगताना त्याचे कान दर वेळी लाल होत.

म्हणून बाण घेण्याआधी मोठ्यातल्या मोठ्या वीरालाही बाण करणाऱ्यापुढे उघड्या बाहूंनी, हात जोडून उभे राहावे लागते. दोरी छातीपासून बोटांपर्यंत ताणून झाली की तो तीनदा विचारतो, हे माप तुझेच ना? आणि उत्तर ऐकताना तो बाहूंकडे बघत नाही, कानांकडे बघतो.